भिंगाला आपली जागा कशी कळते

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरीजवळच्या मामांच्या द्राक्षबागेत पानांवर डाऊनी रोगाचे तेलकट डाग शोधत मी मोबाइलने फोटो काढत होतो. दूरच्या ओळी स्वच्छ येत, पण पान जवळ धरले की चित्र धूसर होई. मोटारसायकलच्या होल्डरसाठी कव्हरात बसवलेली चुंबकपट्टी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी होती. ती काढताच पानाच्या शिरा लख्ख दिसल्या. सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रांवरचे सेन्सर जुळवणे हेच माझे काम असल्यामुळे त्या पट्टीचा आणि भिंगाचा संबंध मला समजून घ्यावासा वाटला.

मोबाइलचे भिंग चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या ओढीने सरकते आणि त्याला पातळ स्प्रिंगांनी तोलून धरलेले असते. हा प्रवास किती सूक्ष्म असतो, याचा हिशेब मी वहीत मांडला. भिंगाचे नाभीय अंतर ४.५ मिलिमीटर धरले, तर अनंतावरचा, म्हणजे अगदी दूरचा, फोकस २ मीटरवरच्या वस्तूवर आणण्यासाठी त्याला जेमतेम १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे यावे लागते. १० सेंटिमीटरवरच्या पानासाठी मात्र सुमारे २१२ मायक्रॉन. वेटोळ्यात ठरावीक प्रवाह सोडला की भिंग ठरावीक जागी पोहोचेल, अशी रचना स्वस्त फोनमध्ये असते. परंतु फोन पालथा धरला की भिंगाचे वजन स्प्रिंगवर उलट्या बाजूने पडते, आणि त्याच प्रवाहाला जागा बदलते.

म्हणून चांगल्या कॅमेऱ्यांत भिंगाची जागा प्रत्यक्ष मोजतात. भिंगाबरोबर सरकणारा चुंबक, समोर स्थिर बसवलेला, चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर, आणि चुंबक जवळ-दूर झाला की बदलणारा व्होल्टेज, एवढाच हा मामला आहे. एडविन हॉल यांना १८७९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यात हा परिणाम सापडला होता, आणि तोच आज नखाएवढ्या पेटीत काम करतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते. हवा असलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांतील फरक पाहून चिप प्रवाह सतत दुरुस्त करते.

खरी अडचण अशी की सेन्सरला चुंबक ओळखता येत नाही. त्याला केवळ चुंबकीय क्षेत्र कळते. वेटोळ्याचे स्वतःचे क्षेत्रही त्याच्यापर्यंत पोहोचते, उष्णतेने चुंबक किंचित दुबळा होतो, आणि म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यात भिंगाच्या प्रवासाची दोन्ही टोके कारखान्यातच नोंदवून घ्यावी लागतात. माझी पट्टी या नोंदीत कुठेच नव्हती. तिच्या क्षेत्रामुळे सेन्सर भलतीच जागा सांगत होता आणि चिप त्यावर विश्वास ठेवत होती.

हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेतही दोन दिशांना असेच सेन्सर लागतात. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांनी अशा कॅमेऱ्यांची क्षमता खालावू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ साली दिली होती. होल्डर मी उतरवून ठेवला आहे, आणि दिंडोरीला जाताना फोन आता खिशात असतो.