घर आपलं, काठ सरकारचा

आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाने लेक लॅनियरच्या काठी घर घेतलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, आमच्यापासून फार लांब नाही. वास्तुशांतीला सगळे मागच्या डेकवर जमलो, तर पाणी दिसत होतं ते पाइनच्या फांद्यांतून, तुकड्यातुकड्यांत. "ही चार झाडं काढली की झालं," दादा म्हणाले. ती चार झाडं काढता येत नाहीत, असं नंतर कळलं. कारण ती त्यांची नाहीतच.

या तळ्याचा काठ कुणाच्याच खासगी मालकीचा नाही. १९५० च्या दशकात चॅटाहूची नदीवर ब्युफर्ड धरण बांधून हा जलाशय झाला, आणि पाण्याभोवतीचा जमिनीचा पट्टा केंद्र सरकारने, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर कोअरने, स्वतःकडेच ठेवला. किनारा जवळजवळ अकराशे किलोमीटर. दादांच्या परसात कुंपण नाही. काही खोडांवर रंगाचे पट्टे आहेत, तिथे सातबारा संपतो म्हणा. त्यापुढे झाड तोडायचं नाही, झुडपं छाटायची तर परवाना. पाण्यापर्यंतची पायवाट किती रुंद असावी, तेही ठरलेलं. बोट बांधायच्या खासगी धक्क्याला पाच वर्षांचा परवाना, आणि घर विकलं तर नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा. अख्ख्या तळ्यावर असे धक्के किती असावेत यालाही मर्यादा आहे. आणि कुणीही ऐरागैरा गळ घेऊन वहिनींच्या डेकसमोर जाऊन बसू शकतो. बसतातही. वहिनींना ते अजून पचलेलं नाही: "एवढे पैसे मोजले ते काय याच्यासाठी?"

मला मात्र हा नियम भयंकर आवडला. पानशेत-खडकवासल्याच्या बॅकवॉटरला गेलं की पाण्यापर्यंत पोचायला कुठल्यातरी रिसॉर्टच्या गेटवर पैसे भरावे लागतात, आणि धरणाची जमीन कुठे संपते आणि रिसॉर्ट कुठे सुरू होतो, हे वॉचमनलाही सांगता येत नाही. धरणासाठी ज्यांची गावं बुडाली त्यांना काठावर फिरकता येत नाही आणि पुण्यातल्या बंगलेवाल्यांचं लॉन थेट पाण्यात उतरतं. इथे पैसेवाल्याला 'थांब' म्हणणारा रंगाचा एक पट्टा पुरतो, याचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पण 'बघा, अमेरिकेत कसं!' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण काठाचा हिशोब इतका चोख ठेवणाऱ्यांना पाण्याचा हिशोब तीस वर्षं जमला नाही.

महानगर अटलांटा मुख्यतः या तळ्याचं आणि खालच्या नदीचं पाणी पितं. नदी पुढे अलाबामाच्या सीमेने जाते, फ्लिंट नदीला मिळते आणि अपलाचिकोला नावाने फ्लोरिडात समुद्राला भेटते. तिथल्या उपसागरातले ऑयस्टर एकेकाळी देशभर जायचे. ऑयस्टरला समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळणारं गोडं पाणी लागतं, नदीतल्या दुर्मीळ शिंपल्यांना आणि स्टर्जन माशाला वाहतं पाणी लागतं. म्हणून दुष्काळातही धरणातून पाणी सोडावं लागतं. २००७ मध्ये तळं वीस फूट खाली गेलं, धक्के चिखलात टेकले आणि जॉर्जियाच्या राज्यपालांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर पावसासाठी प्रार्थना केली. शिंपले महत्त्वाचे की माणसं, हे तेव्हापासून इथे अगदी चवीने बोललं जातं.

अलाबामाने पहिला दावा १९९० मध्ये ठोकला. तीन राज्यांनी १९९७ मध्ये करार केला, पण वाटप ठरलंच नाही आणि २००३ मध्ये तो मोडला. फ्लोरिडा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि २०२१ मध्ये एकमताने हरली: ऑयस्टर जॉर्जियाच्या पाणीवापरामुळेच संपले, हे सिद्ध झालं नाही. तोवर उपसागरातली ऑयस्टर काढणीच बंद करायची वेळ आली होती.

याउलट आपल्याकडे, महाराष्ट्रात, पाण्याच्या नियमनाचा २००५ चा कायदा आहे. त्याच्या आधारे २०१४ मध्ये आदेश निघाला, की ऑक्टोबरच्या मध्याला पैठणच्या जायकवाडी धरणात ६५ टक्के साठा नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. आंदोलनं होतात, कोर्टकज्जे होतात, पण पाणी सुटलेलं आहे. एकाच राज्यातलं प्रकरण आहे, मान्य. तरी इथल्या एका सहकाऱ्याला मी हे जरा छाती फुगवूनच सांगितलं. मुळा-मुठेत पुण्याचं काय काय सोडलं जातं आणि ते उजनीला कसं पोचतं, तो विषय मी काढला नाही. त्याने विचारलंही नव्हतं.

आता आमच्या घरचं. अंघोळीचं, संडासाचं पाणी शुद्ध होऊन बरंचसं नदीत किंवा तळ्यात परत जातं. लॉनला घातलेलं जात नाही, ते उडून जातं. म्हणून जॉर्जियात दुपारी चारपासून सकाळी दहापर्यंतच लॉनला पाणी घालता येतं. आणि गवत पिवळं पडलं की सोसायटीचं पत्र येतं, दंडाच्या इशाऱ्यासकट! मी आठवड्यातून एकदा, पहाटे घालतो. शेजारी रोज घालतात. आमच्या एवढ्याशा गवताने फ्लोरिडातल्या शिंपल्यांना काय फरक पडणार, असं मी बायकोला म्हणतो. नाशिकचे द्राक्षबागायतदार पैठणबद्दल हेच म्हणत असणार.