आमची वाटचाल : अडकलेल्या एक्सपोर्टवर उभा राहिलेला धंदा

आमची सुरुवात टेपवरून डीव्हीडी करून देण्याने झाली आणि खरं सांगायचं तर तेवढंच करायचं ठरलं होतं. व्हीएचएस, हाय-८, मिनी-डीव्ही, जे येईल ते घ्यायचं. माणूस पिशवीभर कॅसेट आणून ठेवणार, आम्ही त्या कॅप्चर करणार, नको तो भाग कापणार, मेन्यू लावणार आणि डिस्क हातात देणार. आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. मशीन, वायरिंग, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायचं फायरवायर कार्ड हा त्याचा प्रांत, एडिटिंग आणि गिऱ्हाईक माझ्याकडे.

पण थोड्याच दिवसांत कॅसेटवाल्यांच्या मागे दुसरीच रांग लागायला लागली. ही मंडळी हार्ड डिस्क घेऊन यायची, काही जण तर अख्खा सीपीयू उचलून. घरीच सगळं एडिट केलेलं, टायटलं टाकलेली, गाणी लावलेली, रात्र रात्र जागून केलेलं काम, आणि शेवटी एक्सपोर्ट करायला, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला, डीव्हीडी बनवायचं बटण दाबलं की बार ऐंशी टक्क्यांपर्यंत जाणार आणि मेसेज येणार की मेमरी अपुरी आहे. परत दाबलं की परत तेच. चार-पाच वेळा असं झालं की माणूस रडकुंडीला येतो, कारण प्रोजेक्ट उघडतो, प्रिव्ह्यू नीट चालतो, फक्त बाहेर निघत नाही.

यातले निम्मे तरी आमच्याकडे यायच्या आधी जास्तीची रॅम टाकून आलेले असायचे. तसं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं आणि मेसेज वाचून ते पटतंही. पण तो विंडोज एक्सपीचा आणि ३२ बिटचा जमाना. ३२ बिट विंडोजमध्ये एका प्रोग्रामला वापरायला सहसा २ जीबीच जागा मिळते, मशीनमध्ये रॅम ४ जीबी घातली तरी त्या प्रोग्रामची हद्द तीच. आणि त्या २ जीबीतसुद्धा सलग जागा लागते, म्हणजे सुटी सुटी मिळून ३०० एमबी शिल्लक आहे पण सलग ५० एमबी कुठेच नाही असं झालं तरी प्रोग्राम मेमरी संपली म्हणूनच ओरडतो. एकदम नवीन रॅमचं बिल खिशात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे जिवावर यायचं. मामेभावाने तेव्हाच ठरवून टाकलं की आपण रॅम विकायची नाही. त्यात मार्जिन होतं, नाही असं नाही, पण विकली असती आणि एक्सपोर्ट तरीही अडकलं असतं तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी दारात.

मग आमची एक पद्धत बसत गेली. पहिला प्रश्न ठरलेला, कुठे थांबतं? दर वेळी त्याच जागी थांबतं, की कधी इथे कधी तिथे, की जितका वेळ चाललं तितकं जड होत जाऊन मग थांबतं? बरेच जण म्हणतात "असंच मध्येच थांबतं", मग त्यांना परत एकदा चालवून टाइमकोड, म्हणजे व्हिडिओत कितव्या मिनिट-सेकंदाला थांबलं तो आकडा, लिहून आणायला सांगायचो. कंटाळवाणं काम आहे पण निम्मं निदान त्यातच होतं.

त्याच जागी थांबत असेल तर मेमरीचा दोष जवळपास नसतोच. त्या ठिकाणी काहीतरी असतं. टेपवर ड्रॉपआउट, म्हणजे सिग्नल तुटलेला असताना कॅप्चर झालेली क्लिप, अर्धवट कॉपी झालेली फाइल, नाहीतर इंटरनेटवरून उतरवलेलं एमपी३ गाणं. गाण्यांनी तर आम्हाला फार छळलंय. एमपी३ काढून त्याच जागी ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल टाकली, डीव्हीडीला ४८च लागतं, आणि एक्सपोर्ट सुरळीत पार पडलं असं कितीदा तरी झालंय. जागा सापडत नसेल तर प्रोजेक्टची कॉपी करायची, अर्धी टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने लावलेली पट्टी, उडवायची, चालवायचं. चाललं तर दोष दुसऱ्या अर्ध्यात, मग त्याचं अर्धं. तासाभराचा प्रोजेक्ट असला तरी थोड्या फेऱ्यांत गुन्हेगार क्लिप हाताला लागते.

कधी इथे कधी तिथे थांबत असेल तर मग मशीनवर संशय. तेव्हा रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ची सीडी घालून रात्रभर चालू ठेवायचं, आणि एकसुद्धा एरर आली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून काढून बघायच्या. एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीच्या साच्यात बदलणं, चाललं की प्रोसेसर तासन् तास शंभर टक्क्यांवर, त्यामुळे पंख्यात धूळ साचून मशीन तापलं तरी हेच होतं. मशीन एरवी पत्र टाइप करायला, मेल बघायला अगदी ठणठणीत, म्हणून मालकाचा विश्वास बसत नाही.

आणि तिसरा प्रकार, हळूहळू जड होत जाणारा, तो खरा मेमरीचा. यातला एक प्रोजेक्ट मी अजून नवीन मुलांना शिकवताना काढतो. एका बाईंनी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून केलेला, जुने फोटो आणि मधे मधे व्हिडिओ. काम इतकं निगुतीने केलेलं की बघत राहावं, प्रत्येक फोटोवर हळूच झूम, खाली नाव आणि साल. एक्सपोर्ट मात्र काही केल्या होत नव्हतं. कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर शेजारी उघडून ठेवला आणि चालू केलं. व्हिडिओचा भाग आला की आकडा जागच्या जागी, फोटो सुरू झाले की प्रत्येक फोटोला तो टुणकन वर, आणि गेलेला आकडा खाली यायचं नाव नाही. दीड जीबी ओलांडला आणि थोड्या वेळात खलास. फोटोचा फोल्डर उघडला तर फायली काही एमबीच्याच, त्यात संशय घ्यावं असं काही नाही. मग एकाची मापं बघितली, ७२०० बाय ४८००. त्यांनी ६ बाय ४ इंची फोटो १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके धरून, स्कॅन केले होते, कुणीतरी सांगितलं होतं की जेवढं जास्त तेवढं चांगलं.

आता इथे गोम अशी आहे की जेपीईजी फाइल डिस्कवर दाबून ठेवलेली असते, पण प्रोग्रामने ती उघडली की मेमरीत सगळे पिक्सेल मोकळे पसरतात. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर ७२०० गुणिले ४८०० गुणिले ४, म्हणजे साधारण १३८ एमबी, एका फोटोला! असे पंधरा-सोळा फोटो प्रोग्रामने धरून ठेवले की २ जीबी संपले, आणि त्यांच्याकडे फोटो शेकड्यांनी होते. आणि हे सगळं कशासाठी, तर शेवटी डीव्हीडीवर जी फ्रेम जाणार ती आपल्याकडच्या पाल (PAL) टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ आणि अमेरिकेतल्या एनटीएससीत ७२० बाय ४८०. फोटोवर दुप्पट झूम करायचा तरी १५००-१६०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली. आम्ही फोल्डरची कॉपी बाजूला ठेवली, सगळे फोटो एका झटक्यात बॅचमध्ये १६००ला उतरवले, नावं तीच ठेवली, प्रोजेक्ट उघडला तर त्याने नवे फोटो आपोआप उचलले. झूम, नावं, सालं सगळं जागच्या जागी. एक्सपोर्ट पहिल्या फटक्यात झालं. मूळ स्कॅन अर्थात जपून ठेवायला सांगितले, ते छापायला उपयोगी पडतात.

या कामानंतर आमचा नियमच झाला की स्लाइडशोवाला प्रोजेक्ट आला की आधी फोटोंची मापं बघायची, बाकीचं नंतर.

काही वेळा मेसेज मेमरीचा आणि अडचण डिस्कची असते. डीव्हीचं फूटेज तासाला १३ जीबीच्या आसपास खातं. दोन तासांच्या प्रोजेक्टला मूळ माल २६ जीबी, वर एन्कोड झालेली एमपीईजी-२ (डीव्हीडीला लागणाऱ्या साच्यातली) फाइल, त्यावरून बनणारा डीव्हीडीचा व्हिडिओ टीएस फोल्डर, मग कधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, प्रत्येक साडेचार जीबीच्या घरात. आणि टेम्प फोल्डर बहुतेकांचा सी ड्राइव्हवर, जिथे आधीच श्वास घ्यायला जागा नाही. काहींनी तर मशीन फास्ट होतं असं कुठेतरी वाचून पेजफाइलच, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा, बंद केलेली असायची, मग रॅम भरली की विंडोजला मागे सरकायला जागाच नाही. पेजफाइल चालू करा, टेम्प आणि स्क्रॅच (प्रोग्रामच्या तात्पुरत्या फायलींची जागा) दुसऱ्या ड्राइव्हवर न्या, एवढ्यावर कामं झालीत. आणखी एक म्हणजे एक्सटर्नल हार्ड डिस्क एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली असणं. तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, त्यामुळे एक्सपोर्ट बरोबर ४ जीबीला येऊन मरतं आणि प्रोग्राम काहीतरी भलतंच कारण सांगतो. एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून घेतली की प्रश्न मिटला, अर्थात आधी आतला डेटा दुसरीकडे काढून.

धंदा म्हणून आम्हाला खरा हात दिला तो एका सवयीने, टाइमलाइनवरून थेट डिस्क बर्न करायची नाही. बहुतेक घरगुती प्रोग्राममध्ये एकच मोठं बटण असतं आणि त्या बटणामागे एन्कोड, मेन्यू, फोल्डर, बर्न सगळं एका दमात होतं. म्हणजे एडिटिंगचा सगळा पसारा मेमरीत उघडा असतानाच एन्कोडरही तिथेच येऊन बसतो. आम्ही ते तोडलं. मोठा प्रोजेक्ट असेल तर पंधरा-वीस मिनिटांचे भाग पाडायचे, तोडायचं ते सरळ कटवर किंवा काळ्या फ्रेमवर, ट्रान्झिशनच्या मधे कधीच नाही, प्रत्येक भाग डीव्ही एव्हीआयमध्ये काढायचा आणि दोन भागांच्या मधे प्रोग्राम बंद करून परत उघडायचा, म्हणजे अडवलेली मेमरी सुटते. मग कोऱ्या प्रोजेक्टमध्ये ते चार-सहा भाग ओळीने लावायचे, त्यात ना इफेक्ट ना फोटो, आणि त्यावरून एमपीईजी-२ काढायची. ऑथरिंग, म्हणजे मेन्यू लावून डीव्हीडीचा फोल्डर बनवणं, वेगळ्या प्रोग्राममध्ये, आणि तिथे परत एन्कोड करू नको हे त्याला बजावून सांगायचं. बर्न शेवटी, आयएसओवरून, इमेजबर्नने, कमी स्पीडला. बर्न फुकट गेला तर एक कोरी डिस्क जाते, रात्रभराचं एन्कोडिंग नाही. (फोल्डरमध्ये व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीच्या व्हिडिओ फायली १ जीबीच्या तुकड्यांत दिसतात म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ. तो डीव्हीडीचा नियमच आहे, काही फाटलेलं नाही.)

बिटरेटचंही, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा द्यायचा त्याचंही, तेव्हाच लावून दिलं. एक तास असेल तर ८ मेगाबिट, दोन तास असेल तर आवाजासकट ५च्या आसपास, त्याहून जास्त लांबी एका सिंगल लेयर डिस्कवर कोंबायची असेल तर आम्ही सरळ दोन डिस्क सुचवतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण नाचाच्या प्रसंगात चौकोन चौकोन दिसायला लागले की शिव्या आम्हालाच.

हळूहळू कामाचं स्वरूप असं झालं की कॅसेट कमी आणि अडकलेले प्रोजेक्ट जास्त. मग दोन्ही कामं वेगळी केली, अडकलेल्या प्रोजेक्टला आधी नुसती तपासणी, काय झालंय ते सांगायचं, गिऱ्हाइकाला घरी जमण्यासारखं असेल तर घरी करू द्यायचं. मामेभावाला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं, पण फोटो बारीक करून स्वतः डीव्हीडी काढलेला माणूस पुढे आपल्या चार नातेवाइकांच्या कॅसेट आमच्याकडे पाठवतो, हे त्यालाही दिसलं.

६४ बिट आल्यावर वाटलं आता हे दुकान बंद. ॲडोबीचा एडिटिंग प्रोग्राम प्रीमियर प्रो २०१० साली सीएस५ व्हर्जनपासून फक्त ६४ बिटवर चालायला लागला आणि २ जीबीची भिंत गेली. पण घरगुती प्रोग्राम बरेच दिवस ३२ बिटच राहिले, ते नव्या विंडोजवरही आपल्या जुन्या हद्दीतच अडखळायचे. शिवाय माल बदलला. डीव्हीच्या फ्रेमपेक्षा १९२० बाय १०८०ची फ्रेम पाचपट मेमरी घेते, आणि नव्या कॅमेऱ्यांचा एच.२६४ साच्यातला व्हिडिओ उलगडताना डीकोडरला मागच्या पुढच्या फ्रेमही धरून ठेवाव्या लागतात. त्यात मोबाईलवरच्या क्लिपा, फ्रेमरेट स्थिर नाही, एका लग्नाच्या अडीचशे क्लिपा टाइमलाइनवर. त्या आधी एका साच्यात ट्रान्सकोड करून, म्हणजे बदलून, घेतल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. हल्ली तर व्हिडिओ कार्डची मेमरी वेगळी संपते आणि मेसेज तोच तसाच, तिथे रेंडरर सॉफ्टवेअर ओन्लीवर टाकला, म्हणजे काम व्हिडिओ कार्डाऐवजी प्रोसेसरकडे दिलं, की वेळ लागतो पण काम होतं. प्रीमियरच्या प्रेफरन्समध्ये रेंडरिंग परफॉर्मन्सऐवजी मेमरीसाठी ऑप्टिमाइझ करायचा पर्याय आहे, तोही आधी बघावा.

डीव्हीडी मात्र ओसरली हे खरं. ॲपलने २०११पासून नव्या मॅकवर डीव्हीडी बनवायचा आयडीव्हीडी प्रोग्राम देणं थांबवलं, विंडोज ८मधून डीव्हीडी मेकर गेला, ॲडोबीचा डीव्हीडी बनवणारा एन्कोर सीएस६नंतर पुढे आलाच नाही. आता आमच्याकडे दर कामाला पेनड्राइव्हवर एमपी४ जातेच, आणि डिस्क त्याच्या जोडीला, बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी, ज्यांना रिमोटचं एक बटण दाबलं की लागलं असंच हवं असतं. मामेभाऊ अजून दोन जुनी एक्सपी मशीनं जिवंत ठेवून आहे, कारण जुन्या प्रोग्रामातले प्रोजेक्ट दुसरीकडे उघडतच नाहीत.

कुणाचा प्रोजेक्ट अडकलेला असेल तर येताना एवढं करा. नुसती प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर टाकून आणू नका, तिच्यात व्हिडिओ नसतो, कुठली क्लिप कुठे आहे याची नुसती यादी असते. क्लिपा, फोटो, गाणी, वापरलेले फॉन्टसुद्धा, सगळं एका फोल्डरमध्ये आणा, प्रोग्रामचं नाव आणि व्हर्जन लिहून ठेवा, मेसेजचा मोबाईलवर फोटो काढा, आणि थांबलं तेव्हा टाइमकोड किती होता तो तेवढा टिपून आणा.