दिवा किती वॉटचा, त्याआधी त्याचं तोंड कुठं?

"किती वॉटचा देऊ?" दुकानदार एवढंच विचारतो आणि आपण 'वीस' म्हणून मोकळे होतो. पण तोच वीसचा दिवा एका जागी खोली उजळतो, दुसऱ्या जागी नुसती समोरची भिंत.

सगळ्यात जास्त घोळ ट्यूबच्या जागी येणाऱ्या लांबट एलईडी पट्टीत होतो. जुनी ट्यूब चारी बाजूंनी उजेड टाकायची, म्हणून भिंतीवर कुठंही ठोकली तरी भागायचं. एलईडी पट्टीची पाठ बंद असते. खोक्यावर १२० अंश लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ मधोमध जेवढी तीव्रता तिच्या निम्मी ६० अंश बाजूला. पुढं ती झपाट्यानं घटते आणि थेट खाली जवळपास काहीच उरत नाही. लातूरला नीटच्या तयारीला आलेल्या पोरांच्या खोल्या बघा. पट्टी भिंतीवर साडेसात फुटांवर आणि टेबल बरोबर तिच्याखाली. भिंतीपासून फूटभर पुढं ठेवलेल्या वहीच्या दिशेनं मधल्या झोताचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो. दिव्याखाली अंधार, अगदी शब्दशः.

तोडगा स्वस्त आहे. दोन्ही क्लिपांमागं लाकडाची तिरकी पाचर बसवून पट्टीचं तोंड ४५ अंश खाली करा. वॉट तेच, पण वहीकडं जाणारा उजेड चौपट होतो. टेबल हलवता येत असेल तर आणखी बरं: उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिवा यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

पीओपीत, म्हणजे प्लास्टरच्या खोट्या छतात, बसणारे चपटे पॅनल आणि छोटे स्पॉट दिसायला भावंडं, वागायला अगदी वेगळे. पॅनल पसरट उजेड देतो. स्पॉटचा झोत २४ किंवा ३६ अंशांचा. पीओपी नऊ फुटांवर आणि टेबल अडीच फूट उंच धरलं, तर २४ अंशांचा स्पॉट टेबलावर पावणेतीन फुटांचा गोल पाडतो, ३६ अंशांचा सव्वाचार फुटांचा. देव्हारा, फोटो, शोकेस यांना तो शोभतो. नुसत्या स्पॉटवर हॉल उजळायला गेलात तर फरशीवर ठिपके पडतात, भिंतींचा वरचा भाग काळपट राहतो आणि खाली बसलेल्या माणसाचे डोळे खोबणीत गेल्यासारखे दिसतात.

पंख्याचं गणित तर पीओपीवाला हमखास विसरतो. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत फिरतात. त्या घेऱ्याच्या वर पॅनल आला की पात्यांच्या सावल्या खोलीभर लपलपत राहतात आणि अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं. दिवा पात्याच्या टोकापासून निदान दोन फूट बाहेर सरकवा. मग सावली गेलीच तर पलीकडच्या भिंतीवर उंच जाते. खोली लहान असेल तर पात्यांच्या पातळीखाली, भिंतीवरच दिवा घ्या.

स्वयंपाकघरात छताच्या मधोमध कितीही भारी दिवा लावा, ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीवर तो पडतो आणि विळीवर तिचीच सावली. वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेशी, दोन फुटी पट्टी लावा. मागच्या कडेला लावली तर टाइल्स तेवढ्या चमकतात.

कोव्हमधली, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेली, एलईडी स्ट्रिप उजेड वर फेकते, छतावरून परतलेला मऊ उजेड खाली येतो. वाचायला तो पुरत नाही. शिवाय छताला घासून जाणारा उजेड पीओपीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो, म्हणून फिनिशिंग तपासायचं तर स्ट्रिप पेटवून, आणि कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी.

आपल्याकडं पत्र्याखाली पीव्हीसीचं छत करायची पद्धत वाढली आहे. तिथं छतात रुतणारे पॅनल टाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे महिन्यांत पत्रा आणि पीव्हीसी यांच्यामधल्या पोकळीची भट्टी होते आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज पुरवणारी डबी, नेमका तिथंच पडलेला असतो. त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) सुकतो, दिवा आधी लुकलुकतो, मग जातो. भिंतीवर बाहेरून बसणारा सरफेस दिवा त्यामानानं टिकतो. पॅनल आधीच बसवले असतील आणि एखादा गेला, तर फेकू नका. बहुतेकदा एलईडी शाबूत असतात, ड्रायव्हरच गेलेला असतो. तो सुटा मिळतो. जुन्यावर लिहिलेला मिलीअँपिअरचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाचा, आकडा नव्यावर तोच हवा आणि व्होल्टची मर्यादाही जुळली पाहिजे. जास्त मिलीअँपिअरचा जोडला तर दिवा आधी लख्ख पेटेल आणि लवकरच काळा पडेल.