हमिंग, अर्थिंग आणि झीरोची वायर : माझा ॲम्प्लिफायर

रात्री दहानंतर सिडकोतली वर्दळ थांबली की स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ ऐकू यायचं. व्हॉल्यूम शून्यावर, इनपुटला काही जोडलेलं नाही, तरीही. तेरा दिवस मी त्या आवाजाच्या मागे होतो.

ॲम्प्लिफायर मी घरीच किट आणून जोडलेला. किट साधंच. आवाज मोठा करणाऱ्या एलएम १८७५ च्या दोन आयसी, १८-०-१८ चा ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, ते डीसी साठवून सपाट करणारे ४७०० मायक्रोफॅरडचे दोन कॅपॅसिटर. पत्र्याचा डबा अंबडच्या एका शेडमध्ये वाकवून घेतला. सोल्डरिंगचे डाग मारण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

हमिंगचं दुकानात विचारलं, तर उत्तर तयार: “प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.” एका मेकॅनिकनेही तेच सांगितलं. मला याचा आजही राग येतो. आत २३० व्होल्ट आहेत. एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडायला अर्थिंगच लागतं; ते नसेल तर अख्ख्या डब्यात करंट उतरतो. घरात लहान पोरं आहेत. कोणीही सांगो, अर्थिंग काढू नका.

मग ट्रान्सफॉर्मर फिरवून पाहिला, इनपुटला शिल्डेड, म्हणजे तारेच्या जाळीत गुंडाळलेली वायर घातली, कॅपॅसिटर दुप्पट केले. काही फरक नाही. शेवटी मोबाइलवर सूर जुळवायचं ॲप उघडून स्पीकरसमोर धरलं. आकडा आला १००. आपली लाइन ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र नडत असतं, तर ५० दिसले असते. १०० म्हणजे भानगड ब्रिजच्या पुढची: कॅपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा भरतात, त्याचे झटके.

डबा उघडला. ट्रान्सफॉर्मरची मधली, झीरोची वायर मी बोर्डवरच्या इनपुटशेजारच्या पॅडला जोडली होती, कारण किटच्या कागदावर नुसतं ‘ग्राउंड’ छापलेलं. कॅपॅसिटर भरणारा सगळा करंट इनपुटच्या बारीक तांब्याच्या पट्टीवरून वाहत होता! ती वायर काढून दोन्ही कॅपॅसिटर एकमेकांना मिळतात तिथे जोडली. तिथून एक जाड वायर काढून एका स्क्रूवर आणली, आणि त्या स्क्रूवरून स्पीकरची परतीची, इनपुटची आणि डब्याची अशा तीन वेगळ्या वायरी नेल्या. अर्थिंग डब्यालाच, आपल्या जागी. स्विच टाकला, कान स्पीकरच्या जाळीला लावला. फक्त छताचा पंखा ऐकू येत होता. पावणेबाराला हिला उठवून ऐकवलं, आणि वडिलांच्या जुन्या डेकवर कॅसेट लावली.

हे आधी सांगायला हवं होतं: पहिल्यांदा चालू करताना ६० वॉटचा जुना, तारेचा बल्ब (एलईडी नाही) लाइनच्या वायरमध्ये सिरीजमध्ये घाला. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. नंतर बल्ब काढून मीटरने आउटपुटचे डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्टच हवेत, मगच स्पीकर जोडा. पुरवठा दोन्ही बाजूंना २६ व्होल्टच्या आसपास दिसेल. आणि आयसीच्या पाठीमागे, वीज अडवायला, अभ्रकाचा तुकडा घाला, कारण तिच्या धातूच्या पाठीवर उणे पुरवठा असतो आणि तिची उष्णता ओढून घेणारं हीटसिंक डब्यालाच टेकलेलं असतं.