सितैन की तिसैन?

त्या मोडी कागदाच्या देवनागरी लिप्यंतरावर खाली उजव्या कोपऱ्यात ‘तपासले’ असं लिहून मीच सही केली होती. हे आधीच सांगून टाकते.

पदवीच्या मुलांसाठी आम्ही चार आठवड्यांचं निवासी संशोधन शिबिर चालवतो. बारा मुलं, विषय निरनिराळे. पहिला आठवडा नुसती मोडी घोटायची. मग प्रत्येकाला एका रुमालातले दोन-तीन कागद. रुमाल म्हणजे जुन्या दप्तराचं कापडी बासन. मुलांच्या हाती अर्थात त्याचे स्कॅन. सकाळी वाचन, दुपारी चर्चा, संध्याकाळी एकेकाशी बसणं, आणि रात्री हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये जे काय चालतं ते. माझ्या मते खरं काम त्या रात्रीच्या सत्रातच होतं. वार्षिक अहवालात मात्र ते कुठल्या रकान्यात घालायचं, हे मला आजवर कळलेलं नाही.

अर्थशास्त्राच्या एका मुलीकडे कौलनामा, म्हणजे सरकारनं दिलेलं अभयाचं करारपत्र, आला होता. गाव पस्त पडलेला, कुळं परागंदा झालेली, पुन्हा लावणी व्हावी म्हणून सरकारनं पाटलाला इस्तावा करून दिलेला: पहिल्या साली थोडका वसूल, मग दरसाल चढता, ठरल्या साली पुरा आकार. अर्थशास्त्रवाल्यांना आणखी काय हवं! कागद मूळ नव्हता, नक्कल होती, त्यामुळे शिक्का नाही. साल अक्षरात होतं आणि तिनं ते वाचलं ‘आर्बा सितैन मया व अलफ’. शुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना; तिचे आकडे असे अरबी शब्दांत आणि एककापासून उलटे येतात. आर्बा चार, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११६४. त्यात ५९९ मिळवायचे की १७६३. हे साल मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून १७६३-६४ लिहायचं.

आता १७६३ म्हटलं की निजामअलीच्या फौजेनं पुणं लुटलं, ते आठवणारच. गावही त्याच बाजूचं. मजकुरात ‘माधवराव’, मग कसरीनं खाल्लेलं भोक, मग ‘पंडित प्रधान’, म्हणजे पेशवे. त्या साली गादीवर माधवरावच. सगळं कसं चपखल बसलं. पोस्टरवर शीर्षक चढलं, ‘स्वारीनंतरचं गाव’. मी खूश, ती खूश. सही झाली.

सादरीकरणाच्या आदल्या रात्री साडेअकराला दोघी दारात उभ्या. ही आणि हिची रूममेट, संख्याशास्त्राची. रूममेटकडे त्याच रुमालातला दुसरा कागद होता, त्यावर शके १७१५ स्वच्छ आकड्यांत, म्हणजे १७९३-९४.

“मॅडम, हिच्या आणि माझ्या कागदाचं अक्षर एकच आहे.”

“असेल. एकाच कचेरीतले कारकून एका वळणाचं लिहितात.”

“वळण नाही, हातच एक आहे. तीस वर्षांत माणसाचं अक्षर जरासुद्धा बदलत नाही का?”

मी म्हटलं, विसाव्या वर्षी नोकरीला लागला असेल, पन्नाशीपर्यंत लिहीत राहिला असेल. बोलता बोलताच मला ते लंगडं वाटायला लागलं होतं.

कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या नव्हत्याच, कारण काम करूनच आल्या होत्या. मोडीत शिरोरेघ आधी ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला टांगत जातात, हात फारसा न उचलता. दोन शब्दांत जागा नसते, इकार ऱ्हस्व की दीर्घ याचा पत्ता नसतो. अशा मजकुरात एखादं अक्षर एकटं बघून काही कळत नाही. म्हणून या दोघींनी शंकेला जागाच नाही असे शब्द निवडले. ‘सरकार’, ‘समस्त’, ‘साल’ यांतले स, आणि ‘तर्फ’, ‘तूर्त’ यांतले त. स्कॅनमधून एकेक अक्षर कापून लॅपटॉपवर दोन ओळी लावल्या: वर सतरा स, खाली नऊ त. तिसऱ्या ओळीत सालाचा तो शब्द, अक्षरं सुटी करून.

पहिलं अक्षर सरळ त-च्या ओळीत जाऊन बसत होतं. दुसरं स-च्या.

सितैन नव्हेच ते. तिसैन. साठ नाही, नव्वद. शुहूर ११९४, म्हणजे इसवी १७९३-९४. दोन अक्षरांची अदलाबदल आणि तीस वर्षं गायब.

हे माझ्या नजरेतून सुटलं कसं? फार विचार करावा लागला नाही. मी तिचा मसुदा वाचत वाचत मूळ कागदावर नजर टाकत गेले होते. तपासणं उलट व्हायला हवं: मूळ आधी, मसुदा नंतर. डोक्यात ‘सितैन’ घेऊन बघितलं की कागदही सितैनच म्हणतो. पहिल्याच दिवशी मुलांना मी हेच तावातावानं सांगते.

आणि माधवराव? १७९३ लाही पेशवे माधवरावच होते की, सवाई. थोरले ते माधवराव बल्लाळ, सवाई ते माधवराव नारायण. कसरीनं नेमकं बापाचं नाव खाल्लं होतं.

मी खुर्चीतून उठलेच. “अगं, मग हा कवटीचा दुष्काळ!” १७९१-९२ चा तो भयंकर दुष्काळ, रानोमाळ कवट्या पडल्या म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. दोन वर्षांनी ओस गावाला कौल मिळतोय, यापेक्षा स्वच्छ पुरावा कुठला? “शीर्षक बदलून टाक. ‘दुष्काळानंतरचं गाव’. उलट जास्त चांगलं झालं बघ.”

ती काही बोलेना. मला वाटलं दमली असेल.

“मॅडम, कागदात दुष्काळ हा शब्द नाही.”

“हो, पण साल बघ ना.”

“स्वारी हा शब्दही नव्हता. सालावरून ती मीच घातली होती.”

यावर काय बोलायचं? मी पुन्हा खाली बसले.

चौदा स्लाइडपैकी नऊ स्वारीच्या होत्या, त्या गेल्या. थोडी रडली, मग उरलेल्या मोजल्या. इस्ताव्याचा तक्ता शाबूत राहिला, कारण तो कागदातूनच आला होता. दोन वाजता मी त्यांना हाकललं.

सकाळी बारा मिनिटांतली चार तिनं त्या स आणि त-च्या ओळींवर घालवली. पाहुणे परीक्षक प्राध्यापकांनी विचारलं, “मग गाव ओस पडलं कशानं?”

“या कागदावरून सांगता येत नाही, सर. दोन वर्षं आधी दुष्काळ होता, एवढंच म्हणेन. त्या पाटील घराण्याचे आणखी कागद रुमालात आहेत, ते मी वाचलेले नाहीत.”

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. गुणपत्रिकेत ‘निष्कर्ष’ असा दहा गुणांचा रकाना आहे. त्यात तिला चार पडले. मी भांडले, पण गुण तेच राहिले. रकानाच तसा आहे, आणि तो छापून घेणाऱ्यांत मीही होते.

निघायच्या दिवशी ती लिप्यंतराचा कागद घेऊन आली. ‘सितैन’वर आडवी रेघ, वर ‘तिसैन’, बाजूला दुरुस्तीची तारीख. माझ्या जुन्या सहीखाली दुसऱ्या सहीसाठी रेघ आखून आणलेली. मी पेन उघडलं.

“थांबा मॅडम,” ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला, “आधी मूळ बघा.”