वोस्कोबीयनिक आडनावाचा माग: रूपांची यादी पुरी, नकाशा हातात

वोस्कोबीयनिक या युक्रेनी आडनावाच्या रूपांची यादी लागली, नोंदींच्या तक्त्याचे रकाने ठरले, आता गावनिहाय नकाशा चालू आहे. कोवाल (लोहार), होन्चार (कुंभार), बोंदार (लाकडी पिंपं करणारा) अशा भरपूर आढळणाऱ्या युक्रेनी आडनावांवर ज्यांचा हात बसलाय, त्यांनी तीच रीत इथे जशीच्या तशी लावू नये. कोवाल नकाशावर कुठेही बोट ठेवा, सापडतो. दोनचार नोंदी चुकल्या तरी चित्र बदलत नाही. वोस्कोबीयनिक विरळ आहे, त्यामुळे एक चुकीचं वाचन नकाशाचा अख्खा कोपरा खोटा करतं.

आधी धंदा, कारण तो नीट कळला नाही तर आडनाव कुठे शोधायचं तेच कळत नाही. 'वोस्क' म्हणजे मेण आणि 'बिती' म्हणजे ठोकणं. हा मधमाश्या पाळणारा नव्हे. त्याचं आडनाव पासिच्निक. जंगलातल्या झाडाच्या ढोलीतून मध काढणारा तो बोर्तनिक. वोस्कोबीयनिकचं काम मध निथळून गेल्यावर सुरू व्हायचं. रिकामी पोळी कढईत उकळायची, रगदा गरम असतानाच जाड्याभरड्या पोत्यात किंवा पेंढ्यात गुंडाळून ओकच्या पोखरलेल्या ओंडक्यात घालायचा आणि दोन्ही अंगांनी पाचरी बसवून घणाने ठोकत न्यायच्या. खालच्या खोबणीतून मेण गार पाण्याच्या द्रोणीत पडे, तिथे त्याची ढेप होई. 'ठोकणं' आलं ते या पाचरींमुळे.

सगळी करामत तापमानात. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं. ओंडका आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतला नाही तर मेण आतल्या आत थिजतं आणि चोथ्यातच अडकून बसतं. लोखंडी कढईत मेण काळवंडतं. जड पाण्यात उकळलं तर ते पाण्याशी मिसळून भुरकट लगदा होतो, म्हणून पावसाचं पाणी बरं. जुन्या काळ्या पोळ्यात अळ्यांच्या कातींचा थर इतका असतो की नुसत्या उकळण्याने मेण सुटत नाही, दाब लागतोच. म्हणजे ओंडका, कढई, जळण आणि उचलाउचलीला माणसं. दहावीस पोळ्यांसाठी हा पसारा कोण मांडणार? कच्ची पोळी गोळा होऊन एका ठिकाणी येत आणि तिथे ठोकली जात.

या आडनावाचं सगळं गणित इथे आहे. युक्रेनात ओलीय्निक, म्हणजे तेल गाळणारा, हे आडनाव पैशाला पासरी आहे. त्याचा दाब याच धर्तीचा, पाचरींचा. फरक एवढाच की तेलाचा घाणा गावोगाव होता आणि मेणाचा दाब पंचक्रोशीत एखादा. धंद्यावरून पडलेल्या आडनावाची संख्या त्या धंद्यात किती माणसं होती यावर ठरत नाही. किती वस्त्यांमध्ये त्या धंद्याचा एकुलता एक माणूस होता, यावर ठरते. गल्लीभर कुंभार असतील तिथे 'कुंभार' म्हणून हाक मारून कोण ओ देणार? म्हणून मधाचा सर्वांत मोठा मुलूख शोधून तिथे हे आडनाव सापडेल अशी अपेक्षा धरू नका. मध बेताचा, बाजार जवळ आणि दाब एकच, अशा ठिकाणी ते चिकटण्याचा संभव जास्त.

मराठी वाचकाने आणखी एक सवय बाजूला ठेवायला हवी. तांबट, कासार, तेली म्हटलं की आपल्या डोक्यात धंदा, जात आणि सोयरीक एकदम येतात. तिथे तसं नाही. एका माणसाचा एका काळचा धंदा मुलांना नाव म्हणून लागला, मुलं शेती करायला लागली, नाव राहिलं. दोन गावांतले वोस्कोबीयनिक एकमेकांचे कुणी नसणं हेच गृहीत धरायचं. नातं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, नसणं सिद्ध करावं लागत नाही.

रूपांची यादी

युक्रेनीत बंद (व्यंजनाने संपणाऱ्या) अक्षरातला जुना 'ओ' 'इ' होतो, रशियनमध्ये तो तसाच राहतो. खार्कोव-खार्कीव, ल्वोव-ल्वीव हे आता वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांना माहीत झालंय. तोच नियम इथे: युक्रेनी वोस्कोबीयनिक, रशियन लेखणीतून वोस्कोबोयनिक. रशियन साम्राज्याच्या काळातली कागदपत्रं रशियनमध्ये, म्हणून १९१७ पूर्वीच्या शोधात 'बोय' हेच मुख्य रूप धरा. बेलारूसकडे झुकलेल्या उत्तर भागात बिनआघाताचा 'ओ' 'आ' होतो आणि 'वास्काबोयनिक' दिसतं. पोलिश अक्षरांत सुरुवात डब्ल्यूने होते आणि 'य'च्या जागी जे येतो. सोव्हिएत युक्रेनचा पासपोर्ट दोन भाषांत असे, म्हणजे एकाच माणसाची दोन रूपं एकाच कागदावर. २०१० च्या सरकारी नियमानंतर रोमन रूप व्ही-ओ-एस-के-ओ-बी-आय-आय-एन-वाय-के असं होतं. आधीच्या पासपोर्टवर वेगळं असेल, म्हणून परदेशातली वंशावळ लावताना दोन्ही घ्या.

विभक्ती विसरू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव षष्ठीत येतं, 'इवान वोस्कोबोयनिकाचा मुलगा' अशा धर्तीवर. शेवटचा 'आ' आडनावाचा भाग समजून 'वोस्कोबोयनिका' असं वेगळंच आडनाव यादीत घुसवलेलं वरचेवर दिसतं. बायकोला '-निच्का', लेकीला '-निकिव्ना', मुलाला '-निचेंको' लागू शकतं. यातलं '-निचेंको' सर्वांत त्रासदायक, कारण काही घरांत ते एका पिढीपुरतं येऊन जातं आणि काही घरांत कायमचं आडनाव होऊन बसतं. पुढच्या पिढीची नोंद पाहिल्याशिवाय ते कुठल्याच रकान्यात टाकू नका.

'वोस्कोबोयनिकोव' वेगळ्या यादीत ठेवावं. त्यातली काही घरं युक्रेनी आहेत, कारकुनाने शेपूट जोडलेली. पण रशियातही हा धंदा होता आणि तिथे हे आडनाव स्वतंत्रपणे तयार झालं. सरसकट एकत्र केलं तर नकाशा मध्य रशियात जाऊन बसतो.

यंत्राने वाचलेल्या अनुक्रमणिकेत सिरिलिक 'व' हा रोमन 'बी' समजून भलतीकडे जातो, हा नेहमीचा घोळ. हस्तलिखितात 'क' आणि 'न', तसंच 'य' आणि 'इ' यांची अदलाबदल होते. शोधताना शब्दाचा 'वोस्क' एवढा पहिला भागच टाका आणि 'वोस्क्रेसेन्स्की'सारखी आडनावं हाताने गाळा. वेळ जास्त जातो, पण निसटतं कमी.

कागदपत्रं कोणत्या क्रमाने

सुरुवात १६४९ च्या झापोरोझ्यान सैन्याच्या, म्हणजे युक्रेनी कोसॅक लढवय्यांच्या, पटापासून. १६ पलटणी, सुमारे ४०,००० नावं, शतक-तुकड्यांनुसार (पलटणीच्या पोटतुकड्यांनुसार) मांडलेली आणि छापील उपलब्ध. इथे एकच पथ्य: पटातलं धंद्याचं नाव हे आडनाव आहे असं मानू नका. 'अमक्याचा जावई', 'अमक्याचा गडी' अशाही नोंदी त्याच पटात आहेत. तिथला 'लोहार' खरोखर लोहार असू शकतो. पट हा वरवरचा पुरावा, मुळाचा नव्हे.

दुसरी पायरी १७६५ ते १७६९ ची रुम्यान्त्सेव मोजणी, द्नीपरच्या डाव्या तीरावरच्या पलटणींची. कीवच्या मध्यवर्ती ऐतिहासिक अभिलेखागारात तिचा मोठा साठा ५७ क्रमांकाच्या दप्तरात आहे. घर, माणसं, वयं, जमीन, जनावरं आणि धंदा असं सगळं एका ठिकाणी मिळतं. आपल्याला हवा तो ताळा इथेच लागतो: आडनाव वोस्कोबोयनिक आणि धंद्याच्या रकान्यात शेती असेल, तर त्या घरात आडनाव तोवर पक्कं झालेलं होतं. आडनाव आणि धंदा दोन्ही मेणाचेच असतील तर थांबा, ते अजून टोपणनाव असू शकतं. तुर्कांशी युद्ध लागल्याने ही मोजणी अर्धवट राहिली, म्हणून नाव नाही म्हणजे माणूस नाही असा अर्थ काढू नये.

मग चर्चच्या कबुलीयाद्या, म्हणजे पापांची कबुली कोणी दिली याच्या नोंदी. त्या दरवर्षीच्या आणि घरनिहाय. मोहात पाडणारा दस्तऐवज. एकच घर दहा वर्षांत दहा वेळा येतं आणि नोंदी मोजणारा दहा घरं धरून मोकळा होतो. एक वर्ष निवडा, त्याच वर्षाची आजूबाजूच्या सगळ्या परगण्यांची यादी घ्या आणि घरं मोजा, नोंदी नव्हे. पुढे गावातल्या एकूण घरांशी प्रमाण काढा. पाचशे घरांच्या गावातली चार घरं आणि चाळीस घरांच्या वाडीतली चार घरं नकाशावर सारख्याच ठिपक्याने दाखवली तर तो नकाशा कशाचा?

करासाठीच्या जनगणना १८५८ पर्यंत एकूण दहा झाल्या. १८११ च्या सहाव्या फेरीत फक्त पुरुष आहेत. त्या वर्षावरून कुटुंबाचा आकार ठरवला की पुढच्या फेरीत माणसं अचानक दुप्पट झाल्यासारखी दिसतात. उजव्या तीरावर, जिथे १७९३ पर्यंत पोलंडची सत्ता होती, तिथल्या भूदासांची आडनावं दोन फेऱ्यांच्या मधेही बदलतात. तिथे आडनावावरून माग काढू नका. घर क्रमांक, बापाचं नाव आणि वय या तिन्हींवरून काढा, मग आडनाव आपोआप हाती लागतं.

पोल्तावाच्या अभिलेखागाराचं दुसऱ्या महायुद्धात जबर नुकसान झालं. त्या प्रांतासाठी कीवच्या दप्तरांवरच भिस्त ठेवावी लागते आणि आपल्याला नेमका तोच प्रांत हवा आहे.

नकाशा

पोल्तावा प्रांतात शिशाकीजवळ वोस्कोबीयनिकी नावाचं गाव आहे, आडनावाचं सरळ अनेकवचन. मुळं इथेच असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. अनेकवचनी गावनाव दोन वाटांनी येतं: त्या धंद्याच्या लोकांची वस्ती म्हणून, नाहीतर त्या आडनावाच्या एका कुळाची वाडी वाढून. डाव्या तीरावर दुसरी वाट फार वापरातली. ओळखायची खूण अशी: गावाच्या सर्वांत जुन्या यादीत ते आडनाव बहुसंख्य असेल तर वाडी कुळाची. आडनाव नाहीच, किंवा आजूबाजूच्या गावांतच जास्त आहे, तर नाव धंद्यावरून. आणि गाव सोडून बाहेर गेलेल्यांना शेजाऱ्यांनी ते लावलं अशी तिसरीही शक्यता. मिरहोरोद इथून जवळच. १९१८ साली तिथे जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इतिहासाचे प्राध्यापक झालेले मिखायलो वोस्कोबीयनिक या आडनावाचे माहीत असलेले धारक. उलट टोक चेर्कासी भागातल्या स्मिलाचं: दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या लोकोतमध्ये नाझींच्या बाजूने प्रशासन चालवणारा कॉन्स्टन्टिन वोस्कोबोयनिक तिथला. एक युक्रेनी रूप, एक रशियन, आणि दोघांना जोडणारं काहीही गृहीत धरायचं कारण नाही.

२०२० च्या जुलैत युक्रेनने ४९० रायोनांचे (तालुक्यासारख्या विभागांचे) १३६ केले आणि शिशाकी मिरहोरोद रायोनात गेलं. जुने आणि नवे आकडे रायोननिहाय एकाखाली एक मांडले की मिरहोरोदमध्ये आडनाव एकाएकी वाढल्याचा भास होतो. म्हणून तक्त्यात रायोनचा रकाना ठेवलेलाच नाही. गाव, तेव्हाची शतक-तुकडी किंवा परगणा, अक्षांश-रेखांश, सामाजिक वर्ग (कोसॅक, भूदास, शहरवासी, ज्यू शहरवासी), नोंदीतलं मूळ रूप जसंच्या तसं आणि दस्तऐवजाचा प्रकार, इतके रकाने पुरतात. मूळ रूप 'सुधारून' लिहिणाऱ्यांनी कृपया थांबावं. प्रमाण रूपासाठी शेजारी वेगळा रकाना आहे.

ज्यू धारकांचा थर वेगळ्या रंगात. रशियन साम्राज्यात १८०४ च्या कायद्याने ज्यूंना कायमचं आडनाव घ्यावं लागलं, त्यामुळे हा थर कोसॅक थरापेक्षा दीडशे वर्षांनी तरुण आहे. एकाच गावात दोन्ही थर असतील तरी एकाचा ठिपका दुसऱ्याला पुरावा ठरत नाही. याच व्यवसायसमूहातलं यिडिश आडनाव वाक्समान. स्ट्रेप्टोमायसिन शोधून १९५२ चं नोबेल मिळवलेले सेल्मन वाक्समान विनित्सा भागातल्या नोवा प्रिलुकाचे; त्यांचं औषध पुढे आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्येही बनत होतं. वाक्समान आपल्या यादीत येत नाही, पण मेणाच्या व्यापाराचा पट्टा समजायला त्याचा नकाशा शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे.

चौकटीच्या मधपेटीमुळे हे आडनाव विरळ झालं, हा मुद्दा चर्चेत पुन्हा येतो, तो मिटवू. पेत्रो प्रोकोपोविचने १८१४ मध्ये चेर्निहीव भागात चौकटींची पेटी केली, तेव्हापासून मधमाश्या न मारता मध काढायची सोय झाली, आणि १८६५ मध्ये मध काढायचं फिरतं यंत्र आल्यावर तेच पोळं पुन्हा वापरता येऊ लागलं. ठोकायला येणारी पोळी कमी होण्याशी याचा संबंध आहे, आडनावाच्या विरळपणाशी नाही. डाव्या तीरावर आडनावं त्याआधीच बसली होती.

सध्याचं काम दक्षिण रशियातल्या कुबानचं. पोल्तावा आणि चेर्निहीवच्या कोसॅकांना १८०९-११, १८२१-२५ आणि १८४८-५० अशा तीन खेपांत तिकडे वसवलं गेलं. आजच्या रशियातला बिनशेपटीचा 'वोस्कोबोयनिक' कुबानात दिसला तर आधी या खेपांच्या याद्या बघायच्या. अतिपूर्वेला दिसला तर १८८३ नंतर ओदेसाहून व्लादिवोस्तोकला गेलेल्या जहाजांचे उतारू तपासायचे. या याद्यांमध्ये निघालेलं मूळ गाव बहुधा दिलेलं असतं आणि पोल्तावाच्या जळालेल्या दप्तरांची उणीव काही अंशी तिथे भरून निघते. कुबानच्या नोंदी तक्त्यात घालताना ठिपका मूळ गावावर टाकायचा, पोचलेल्या गावासाठी वेगळा रकाना आहे. ज्यांना वाय-डीएनएचा (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएचा) ताळा लावायचा आहे त्यांनी ३७ मार्करच्या (तपासायच्या खुणांच्या) चाचणीपासून सुरुवात करावी, आणि एकाच गावातले दोघे न घेता दोन वेगळ्या गावांतले, कागदावर नातं नसलेले दोघे घ्यावेत.