तेराव्या दिवशी

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात तेरावं नसतं. तरी दादाच्या बाबतीत सगळं तेराव्या दिवशीच आटोपलं.

तो गेला १७ सप्टेंबर २०१९ला, मंगळवारी पहाटे. झोपेतच. वय ५१. आमच्याकडे माणसाला ताटकळत ठेवत नाहीत, त्यामुळे दुपारपर्यंत ठाण्याच्या कबरस्तानात सगळं उरकलंसुद्धा. पाऊस होता. माती टाकताना ती मुठीतून सुटत नव्हती, एवढंच मला त्या दुपारचं नीट आठवतं. पुढचे सात दिवस जमिनीवर बसायचं. याला हिब्रूत ‘शिवा’ म्हणतात, म्हणजे सात. शेजारच्या काकूंना वाटलं शंकराचं काहीतरी असेल. त्या बिचाऱ्या बेलाची पानं आणू का विचारायला आल्या होत्या, आणि त्या सात दिवसांत मी हसले ते तेवढंच.

हे सात धरून तीस दिवसांचं सुतक. आईवडिलांसाठी मात्र वर्षभर. भावासाठी तीसच. आई गेली तेव्हा दादाने अकरा महिने कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हटलं होतं. बावीस वर्षं नोकरीत शनिवारची रजा मागायला लाजणारा माणूस, दर शब्बाथला सिनेगॉगमध्ये हजर. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. नववा आला की तो रस्त्यावर उभं राहून दहावा शोधायचा. आमच्या ठाण्याचं सिनेगॉग, शाअर हशामायिम, १८७९चं. एके काळी तिथे बसायला जागा मिळत नसे म्हणतात. आता उभ्या भारतात आम्ही चार-पाच हजार उरलोय. बाकीचे १९४८ नंतर हळूहळू इस्रायलला गेले. दादासुद्धा डिमोनाला मावशीकडे दोन महिने राहून परत आला होता. का, तर म्हणे, “शनिवारी बसच नसते गं. करायचं काय घरी बसून?”

स्वतः दादाने लग्न केलं नाही. त्याच्यासाठी कद्दिश म्हणायला मुलगा नव्हता. चुलतभावाने म्हटलं. आमच्याकडे बाईला मिनयानात धरत नाहीत, यावर मी पूर्वी भांडायचे. त्या दिवसांत भांडायलाही त्राण नव्हतं.

तर तीस दिवस. मी मनाशी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा हिशोब धरून बसले होते. तेवढ्यात सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हजान म्हणाले, “रोश हशानाला सुतक संपतं हं तुमचं.” नियमच आहे. सात दिवस पुरे झालेले असले आणि मध्ये सण आला, तर सणापुढे सुतक टिकत नाही. त्या वर्षी रोश हशाना, म्हणजे आमचं नवं वर्ष, लागत होतं २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी. मंगळवारपासून मोजा. तेरावा दिवस. मला तीसही मिळाले नाहीत.

दफनाच्या वेळी कपडा फाडतात. आईवडिलांसाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला. भावासाठी उजवीकडे. या एका गोष्टीचा मला किती राग आला म्हणून सांगू! सात वर्षांनी मोठा भाऊ. माझी वेणी घालणारा, मला चेतकवर मागे बसवून अलिबागजवळच्या खंडाळ्याला नेणारा (लोणावळ्याशेजारचं नव्हे, आमचं खंडाळा, जिथल्या खडकावर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो). त्याचं दुःख उजवीकडे? तीस दिवसांनी तो कपडा शिवून वापरता येतो. मी शिवला नाही. कपाटात आहे.

आता दुसरा हिशोब.

२०१८ साली आम्ही मूल दत्तक घ्यायला नाव नोंदवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, दवाखाने करून झाले होते, मलिद्याचे नवस बोलून झाले होते. ज्यू माणसाला पूर्वी कायद्याने दत्तक घेताच येत नसे. १९५६चा कायदा हिंदूंसाठी, आणि आमच्यासारख्यांना १८९०च्या कायद्याखाली नुसतं पालक होता यायचं, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. आता बालन्याय कायद्यामुळे धर्म आडवा येत नाही. वय येतं. चार वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ९०च्या वर चालत नव्हती. मी ४३, हे ४८. बेरीज ९१. दादाने कागदावर आकडे मांडले, पुन्हा मांडले, आणि म्हणाला, “लग्नाच्या वेळी सांगितलं असतंस तर वर्षाने लहान नवरा बघितला असता.” मग त्यानेच फॉर्ममध्ये ४ ते ८ वर्षं या गटावर खूण करायला लावली. “तयार पोर मिळेल. बाळसं, दात, सगळं आलेलं.”

गृहभेटीला समाजसेविका आल्या तेव्हा तो मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाईंनी विचारलं, उद्या तुम्हा दोघांना काही झालं तर मुलाकडे कोण बघेल? आम्ही एकमेकांकडे पाहतोय तोवर हा चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “मी आहे ना.” अहवालात त्याचं नाव आलं. मामा.

तो अहवाल तीन वर्षं चालतो. आमचा नंबर लागेपर्यंत ती संपली, म्हणून २०२१मध्ये नवा करावा लागला. बाई दुसऱ्या होत्या. जुना कागद समोर ठेवून त्यांनी विचारलं, “हे आहेत का अजून?” नवऱ्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. त्यांनी त्या नावावर रेघ मारली आणि नणंदेचं लिहून घेतलं. सुतक तेराव्या दिवशी संपलं असेल, पण दादा माझ्यासाठी गेला तो त्या रेघेने.

२०२२ मध्ये लेक आली. पाच वर्षांची, पुढचा एक दात पडलेला. म्हणजे सगळं आलेलं नव्हतंच. मी ४७ची. शाळेच्या फाटकाशी मला आजी समजणाऱ्या बायका भेटल्या. त्यातल्या दोघी आता मैत्रिणी आहेत. गुडघे कुरकुरतात, गणित बदललंय, आणि रात्री दोनला “आई, पाणी” ऐकलं की मी अजूनही क्षणभर ही कोणाला हाक मारतेय म्हणून पडून राहते.

धर्माच्या बाजूचं काम व्हायचंय. तिला ज्यू करून घ्यायचं, बेथ दिन म्हणजे धर्मपंचांसमोर, मिकवे म्हणजे विधीच्या कुंडात बुडी, सगळं रीतसर. लहानपणी केलं तरी बाराव्या वर्षी तिला नाही म्हणायची मुभा असते. मला हे आवडलं. सिनेगॉगमध्ये एकीने हळूच “पण रक्ताचं?” असं विचारलं, तिला मी मलिद्याचं ताट हातात दिलं आणि पुढे गेले. हो, मलिदा केला. नवस बोललेला होता. गूळ-खोबऱ्यात कालवलेले पोहे, वर फळं. लेकीने सगळी केळी आधीच वेचून खाल्ली.

तिच्याजवळ तिच्या पहिल्या पाच वर्षांतला एकच फोटो आहे, तोही अर्जावरचा. आमच्याकडे दादाचे भरपूर. ती त्यातून घेते. वर्गात सांगून आली की मामा मला स्कूटरवरून अलिबागला न्यायचा. बाई मला विचारायला लागल्या. मी म्हटलं, हो, न्यायचा तो.

यंदा नव्या वर्षाला चिकाचा हलवा घातला. गहू भिजवून, वाटून, चीक बसायला ठेवायचा. मग नारळाच्या दुधात घालून ढवळत राहायचं, कडा सुटेपर्यंत, दोन-अडीच तास. हे काम दादाचं असायचं. आई म्हणायची, मुलींचे हात दुखतात. (मुलांचे दुखत नसावेत.) मी घामाघूम झाले तशी लेक स्टुलावर चढली, कालथा माझ्या हातून घेतला आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागली.

“मामा असाच ढवळायचा ना? उजव्या हाताने?”

दादा डावखुरा होता.

“खालून ढवळ,” मी म्हटलं. “लागतोय.”